घरचा चित्रसंग्रह आणि त्याची किल्ली

मॉरिशस बेटावरील पुष्कळशा मराठी घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुन्या कॅसेटींची एक पेटी असते. एखाद्या फितीत तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गणेश चतुर्थीचे विसर्जन असते, एखादीत रात्र जागविणारी झाकरी असते आणि एखादीत आता हयात नसलेल्या आजीने नातवाच्या हळदीला म्हटलेली गाणी असतात. वाक्वा आणि क्युरपिपकडील हवा दमट; त्या हवेत चुंबकीय फितीवर बुरशी धरते, आणि एकदा फीत चिकटू लागली की ती चालविण्याचे यंत्रही बिघडते. हे ध्यानी आल्यामुळे कित्येक घरांतील तरुणांनी या फिती संगणकावर उतरवून घेण्यास प्रारंभ केला आहे. डी.व्ही. पद्धतीने उतरविलेला एक तासाचा मजकूर सुमारे १३ गिगाबाइट जागा व्यापतो. तेव्हा वीस-पंचवीस फितींचा संग्रह आजच्या साध्या हार्ड डिस्कवर सहज मावतो. जागेची अडचण नाही. अडचण पुढे आहे. डिस्क तयार होते, खणात जाते, आणि ज्या वडीलधाऱ्यांनी ती पाहावी त्यांना ती उघडताच येत नाही. पेटीतून निघालेला ठेवा पुन्हा पेटीतच जातो.

या अडचणीवर उपाय म्हणजे घरातील एक लहानसा संगणक सदैव चालू ठेवून त्यावर चित्रसंग्रहाचा सर्व्हर बसविणे. तो डिस्कवरील चित्रफिती लावून ठेवतो, त्यांची चित्रमय सूची दूरचित्रवाणी संचावर दाखवितो, आणि जुन्या धाटणीची फीत नव्या संचाला वाचता येत नसेल तर ती चालता चालता संचाला समजेल अशा रूपात बदलून देतो. या कामासाठी आज मुख्यतः तीन नावे ऐकू येतात : प्लेक्स, एम्बी आणि जेलीफिन. चौथे नाव कोडीचे. परंतु कोडी हा मुळात एकाच संचाजवळ बसून काम करणारा. ज्या घरी दूरचित्रवाणी एकच आणि पाहणारी माणसे त्याच घरातील, त्या घराने कोडी बसवून मोकळे व्हावे. पुढचा खटाटोप त्याच्यासाठी नाही.

या मंडळींचे आपसांतील नाते मोठे मौजेचे आहे. कोडीचे पूर्वीचे नाव एक्सबीएमसी. एक्सबॉक्स या खेळयंत्रावर त्याचा जन्म झाला आणि २०१४ मध्ये त्याने नाव बदलले. प्लेक्स हा त्याच एक्सबीएमसीपासून फुटून निघालेला. पुढे त्याचा स्वतंत्र व्यवसाय झाला. एम्बीचा संसार निराळा. त्याचा मूळ आराखडा बराच काळ सर्वांना पाहण्यास खुला होता. २०१८ च्या अखेरीस चालकांनी तो बंद केला. तेव्हा काही कार्यकर्त्यांनी शेवटचा खुला आराखडा हाती घेऊन त्यावर जेलीफिन उभा केला. भावकीतील वाटण्या पाहिलेल्यांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही.

प्लेक्सचा मोठा गुण म्हणजे सोय. फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या मावशीला किंवा इंग्लंडमधील भाच्याला घरचे लग्न पाहावयाचे असेल, तर तिकडे फारशी खटपट करावी लागत नाही. खाते उघडावे, निमंत्रण स्वीकारावे आणि पाहू लागावे. बहुतेक सर्व बनावटींच्या संचांवर त्याचे उपयोजन मिळते. ज्या कुटुंबाची एक पाती बेटावर आणि दुसरी परदेशात आहे, त्याला हा गुण लहान वाटणार नाही. परंतु ही सोय कंपनीच्या दारातून येते. पाहणाऱ्याची ओळख कंपनीच्या ठिकाणी पटविली जाते, आणि दाराचे नियम कंपनी ठरविते. २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचाच संग्रह पाहण्यास शुल्क लागू झाले : एक तर संग्रहाच्या मालकाने वर्गणीदार व्हावे, नाही तर पाहणाऱ्याने वेगळा परवाना घ्यावा. आजीव वर्गणी त्याच दिवशी सुमारे १२० डॉलरवरून सुमारे २५० डॉलरवर गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीकडील खात्यांची माहिती परक्या हाती गेल्यामुळे ग्राहकांना संकेतशब्द बदलावे लागले. धंदा करणाऱ्याने मोल मागावे यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की फीत घरची, डिस्क घरची, वीजही घरची, आणि दाराची किल्ली मात्र दुसऱ्याच्या जुडग्यात.

एम्बी या दोहोंच्या मधला आहे. तो घरातल्या घरात नीट चालतो, त्याची मांडणी नेटकी आहे. परंतु यंत्रातील चित्रविभागाकडून रूपांतर करवून घेण्यासारख्या काही सोयींसाठी वर्गणी पडते. प्लेक्सचीही या बाबतीत तीच रीत. मे २०२३ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. काही ग्राहकांच्या एम्बी सर्व्हरांत घुसखोर शिरल्याचे आढळले, तेव्हा कंपनीने नवी सुधारणा धाडून ते सर्व्हर दुरूनच बंद केले. हेतू रक्षणाचा होता आणि त्या घरांचे नुकसान टळले असेल. तथापि घरातील यंत्र बाहेरच्या हाताने बंद होऊ शकते, हेही त्या दिवशी कळले.

जेलीफिनला शुल्क नाही, वर्गणी नाही आणि कोणत्याही कंपनीकडे खाते काढावे लागत नाही. घरातील माणसांची नावे घरातील यंत्रावरच नोंदली जातात. त्याचा आराखडा आजही खुला असल्यामुळे उद्या चालक बदलले तरी तो कोणी ना कोणी पुढे नेऊ शकेल. त्याचा स्वतःचा जन्मच तसा झाला. मात्र त्याचे कष्टही सांगितले पाहिजेत. काही बनावटींच्या संचांवर त्याचे उपयोजन सहजी मिळत नाही. तेथे अँड्रॉइडची लहान डबी जोडावी लागते. बाहेरगावच्या मावशीसाठी दार उघडण्याचे कामही घरच्यांनाच करावे लागते. सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा टाकणे धोक्याचे. व्हीपीएनच्या खासगी वाटेने ती घरात यावी हे उत्तम. त्यासाठी टेलस्केल किंवा वायरगार्ड वापरतात. परंतु ती वाट तिच्याही यंत्रावर कोणी तरी बांधून द्यावी लागते, आणि मावशीचा फोन रात्री अकरा वाजता येतो, हे बांधणाऱ्याने गृहीत धरावे.

बेटावरील घराला आणखी एक कसोटी लावावी लागते, ती वादळाची. जानेवारी २०२४ मधील बेलाल वादळ कोणी विसरलेले नाही. वीज परतते, किंवा बॅटरीवर घर चालते, आणि इंटरनेट मात्र आलेले नसते. दारे-खिडक्या लावून बसलेल्या कुटुंबाला नेमका तेव्हाच जुना सोहळा पाहण्यास वेळ असतो. घरातले जाळे शाबूत असेल तर जेलीफिनला बाहेर काही विचारावे लागत नाही. प्लेक्सही अशा वेळी चालू शकतो, पण त्याची तजवीज आधीच करून ठेवलेली असली पाहिजे. इंटरनेट नसताना नव्या यंत्रावर खाते उघडू पाहणाऱ्याची निराशा होते. निवड करण्यापूर्वी एखाद्या शनिवारी राउटरची बाहेरची तार काढावी आणि आजोबांच्या हाती रिमोट द्यावा. जे कळावयाचे ते दहा मिनिटांत कळते.

आता नावाचा प्रश्न. हे सर्व सर्व्हर मूलतः व्यावसायिक चित्रपटांसाठी घडविलेले आहेत. फाइलचे नाव वाचून ते जगातील चित्रपटांच्या सूचीत शोध घेतात आणि सापडेल ते नाव, सापडेल ते भित्तिचित्र लावून देतात. ‘गणेश’ एवढेच नाव दिलेली घरची फीत एखाद्या चित्रपटाच्या नावाने आणि नटाच्या मुखवट्याने संचावर झळकते. मुले हसतात. परंतु ज्यांच्या पूर्वजांची नावे करारबद्ध मजुरांच्या नोंदवह्यांत परक्या कारकुनांनी कानाला येतील तशी लिहून घेतली, आणि ज्यांना मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या दप्तरात पणजोबांचे नाव शोधताना चार-चार तऱ्हेची अक्षरे लावून पाहावी लागली, त्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. म्हणून संग्रह उभारताना ‘घरगुती चित्रफिती’ हा निराळा विभाग करावा, बाहेरच्या सूचीतील शोध बंद ठेवावा, फाइलचे नाव वर्षापासून सुरू करावे, आणि शीर्षक देवनागरीत स्वतः लिहावे. जेलीफिन आणि एम्बी हा लिहिलेला तपशील एका साध्या मजकुराच्या फाइलीत फितीशेजारीच ठेवू शकतात. ती सोय मात्र चालू करून घ्यावी लागते. उद्या सर्व्हर बदलला तरी नावे फितीबरोबर राहतात. प्लेक्स हा तपशील मुख्यतः आपल्याच कोठारात ठेवीत आला आहे. मराठी घराच्या दृष्टीने जेलीफिनचे पारडे येथे स्पष्टपणे जड होते, आणि वर्गणीचा मुद्दा त्यापुढे गौण वाटतो.

ज्या घरी ही खटपट करणारे कोणीच नाही आणि पाहणारे बहुतेक समुद्रापलीकडे आहेत, त्या घराने मोल देऊन प्लेक्स घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. शिवाय दोन्ही सर्व्हर एकाच संगणकावर एकाच संग्रहावर शेजारी शेजारी चालू शकतात. एक चतुर्थी दोन्ही चालवून पाहावे. फक्त मूळ फिती असलेल्या विभागात त्यांना वाचण्यापुरती मुभा द्यावी, पुसण्याची नको, आणि जेलीफिनने लिहावयाची नावे दुसऱ्या प्रतीशेजारी ठेवावीत. मूळ संग्रहाची आणखी एक प्रत दुसऱ्या गावातील नातेवाइकाच्या घरी असावी, कारण सर्व्हर संग्रह दाखवितो; डिस्क बिघडली तर तो काहीच परत देत नाही.

सर्व्हर कोणताही असो, फितीत टाळ धरून उभा असलेला तो उंच माणूस कोण, हे त्याला सांगता येत नाही. ते घरातील ऐंशी वर्षांच्या आजीला ठाऊक असते. तिला संचासमोर बसवावे, फीत थांबवीत थांबवीत एकेका चेहऱ्याचे नाव विचारावे, आणि ती सांगेल तसे, तिच्याच उच्चारात, लिहून घ्यावे. या कामाला पुढच्या चतुर्थीपर्यंत थांबू नये.