मद्य, मोटार आणि घरची वडील मंडळी

मुलास अठरावे वर्ष लागून सरले, की मोटार हाकण्याचा परवाना मिळविण्याची त्यास घाई होते, आणि घरच्या मंडळींसही त्याचे कौतुक वाटते. यात गैर काहीच नाही. परंतु तोच मुलगा मित्रांच्या मेजवानीस गाडी घेऊन निघाला, म्हणजे तो रात्री कोणत्या स्थितीत परत येईल, याची चर्चा आमच्या सुशिक्षित घरांतून क्वचितच होते. ‘आमचा मुलगा त्यातला नव्हे’ एवढे म्हटले, की विषय मिटतो. तो तसा मिटू नये, म्हणून हे चार शब्द लिहीत आहो.

12 नोव्हेंबर 2006 रोजी पहाटे चारच्या सुमारास मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर, विशीच्या आसपासच्या एका तरुणाची मोटार पदपथावर चढली. तेथे दिवसभर राबून थकलेले मजूर निजले होते. सात जण प्राणांस मुकले, आठ जखमी झाले. तरुणाच्या दर 100 मिलिलिटर रक्तात 112 मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. कायद्याने घातलेली मर्यादा 30 ची आहे. सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा सांगितली. उच्च न्यायालयाने मात्र हा निव्वळ हलगर्जीपणा नसून सदोष मनुष्यवध आहे, असे ठरवून तीन वर्षांचा कारावास दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने 12 जानेवारी 2012 रोजी तो कायम केला. मद्य घेऊन बेफाम गाडी हाकणारास परिणामाची जाणीव होती असे धरता येते, हे त्या निकालाचे सार होय.

मद्याचा खरा धोका कोणता? हातपाय लटपटण्यापूर्वीच ते तारतम्यबुद्धी हिरावून घेते. ‘मी अगदी ठीक आहे’ असे पिणारा म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटे बोलत नसतो. त्यास खरोखरच तसे वाटत असते. ताशी 60 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. भान एक क्षण उशिरा आले, तरी तेवढ्यात कोणाचा तरी संसार मोडतो. कडक कॉफी किंवा थंड पाण्याचे स्नान यांनी मद्य लवकर उतरते, ही समजूतही चुकीची आहे. यकृत आपल्या मंद गतीनेच ते काढून टाकते. त्यास वेळ हाच उपाय.

कायदा याबाबतीत कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमान्वये पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणे, हयगयीने एखाद्याचा मृत्यू घडविणारास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सदोष मनुष्यवध ठरल्यास शिक्षा त्याहून जड.

चालविणारा अठरा वर्षांखालील असेल, तर कायदा थेट घराच्या उंबरठ्याच्या आत येतो. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या 199अ या कलमाप्रमाणे अशा मुलाच्या पालकास अथवा गाडीच्या मालकास दोषी धरून तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. आपल्या नकळत किंवा पुरेशी काळजी घेऊनही हे घडले, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि मुलास पंचविसावे वर्ष पुरे होईपर्यंत परवाना मिळत नाही. एकत्र कुटुंबात गाडी बहुधा आजोबांच्या किंवा काकांच्या नावावर असते, हे येथे ध्यानात ठेवावे.

ज्या बुद्धीने ‘आता गाडी हाकावी की न हाकावी’ हे ठरवावयाचे, तीच मद्याने आधी जाते. म्हणून तो निर्णय मेजवानीच्या आधी, शुद्धीत असतानाच, घरात झाला पाहिजे. आमची सूचना साधी आहे. मेजवानीस जावयाचे, तर गाडीची किल्ली घरीच राहावी व भाड्याची गाडी करावी. आणि ‘रात्री कितीही वाजता दूरध्वनी कर, आम्ही न्यावयास येऊ, आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही,’ असे वचन वडिलांनी मुलास द्यावे व पाळावे. रागे भरावयाचे ते सकाळी भरावे. भीतीपोटी मुलगा स्वतःच गाडी हाकीत घरी येतो. विश्वासापोटी तो वाट पाहत थांबेल. असे वचन मुलास आजवर दिले नसेल, तर ते आजच द्यावे.