कोऱ्या वेळापत्रकाची भिंत

भिंतीवर चिकटपट्टीने चौकटी आखल्या आहेत. वरच्या ओळीत खोल्यांची नावं, डावीकडे वेळा: दहा, पावणेअकरा, साडेअकरा. चौकटी सगळ्या रिकाम्या. साडेनऊ वाजून गेलेत, चहाचे कप घेतलेली दीड-दोनशे माणसं त्या भिंतीसमोर घुटमळताहेत, आणि दहाला पहिलं सत्र सुरू व्हायचं आहे. नेहमीच्या परिषदेत एवढ्यावर संयोजकांना घाम फुटला असता. 'अनकॉन्फरन्स' नावाच्या सभेत दिवस असाच सुरू होतो.

इथे आधी ठरलेले वक्ते नसतात. ज्याला काही सांगायचं किंवा विचारायचं आहे तो जाड मार्करने कागदावर विषय लिहितो, सगळ्यांना एका वाक्यात सांगतो आणि कागद एखाद्या चौकटीत चिकटवतो. अर्ध्या-पाऊण तासात दिवसाचा कार्यक्रम तयार होतो. प्रवेश फुकट, जेवण बहुधा फुकट, राबणाऱ्यांना मानधन नाही. ब्लॉग लिहिणाऱ्यांना ही रीत पटकन रुचली. संपादकाला न विचारता लिहायची सवय लागलेल्या माणसाला निमंत्रणाशिवाय बोलायला मिळणं अगदी स्वाभाविक वाटलं.

या पद्धतीचा अधिकृत इतिहास हॅरिसन ओवेन या अमेरिकन सल्लागारापासून सांगतात. १९८३ मध्ये त्यांनी अडीचशे जणांची आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. तयारीत वर्ष गेलं, आणि शेवटी सगळ्यांना सर्वांत उपयोगी वाटल्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. ओवेन पूर्वी लायबेरियात छायाचित्रं काढत फिरले होते. तिथल्या बालामा गावात मुलांच्या वयात येण्याचा कित्येक दिवस चालणारा सोहळा त्यांनी पाहिला होता, आणि तो चालवणारी संयोजन समिती काही त्यांना कुठे दिसली नव्हती. गोल बसणं, सूचनाफलक आणि बाजार एवढ्या साहित्यावर त्यांनी १९८५ ची परिषद उभी केली. पुढे या पद्धतीला 'ओपन स्पेस टेक्नॉलॉजी' असं नाव मिळालं. तिच्यातला एक नियम आजही बहुतेक अनकॉन्फरन्समध्ये सांगितला जातो: ज्या खोलीत तुम्ही काही शिकत नाही आणि कुणाला काही देतही नाही, तिथून उठा आणि दुसरीकडे जा. बोलणाऱ्याने वाईट वाटून घ्यायचं नाही.

ब्लॉगवाल्यांच्या बाजूने पहिलं मोठं पाऊल डेव्ह वायनर या जुन्या ब्लॉगलेखकाने टाकलं. ऑक्टोबर २००३ मध्ये हार्वर्ड विधी महाविद्यालयात त्यांनी 'ब्लॉगरकॉन' भरवलं. तिथे एका दिवसासाठी शुल्क होतं. एप्रिल २००४ मधलं दुसरं ब्लॉगरकॉन पूर्ण मोफत झालं. समोर बसलेल्यांकडे मिळून जेवढं ज्ञान असतं तेवढं मंचावरच्या चौघांकडे नसतं, ही त्यांची धारणा होती. म्हणून प्रत्येक सत्राला फक्त चर्चा पुढे नेणारा एक माणूस असे, आणि तो खुर्च्यांमधून फिरत लोकांना बोलतं करी.

मग आलं बारकॅम्प. संगणकविषयक पुस्तकांचे प्रकाशक टिम ओ'रायली २००३ पासून 'फू कॅम्प' नावाचं शिबिर भरवत होते. तिथे वेळापत्रक कोरंच असे, पण प्रवेश निमंत्रितांनाच. २००५ च्या उन्हाळ्यात टँटेक चेलिक, ख्रिस मेसिना, मॅट मुलेनवेग, अँडी स्मिथ, रायन किंग आणि एरिस फ्री या मंडळींनी तसंच, पण कुणालाही येता येईल असं शिबिर घ्यायचं ठरवलं. प्रोग्रॅमर उदाहरणांत 'फू' नंतर 'बार' लिहितात, तेवढ्यावरून नाव पडलं. तयारीला आठवडासुद्धा नव्हता. पालो आल्टोतल्या सोशलटेक्स्ट कंपनीने आपलं कार्यालय दिलं आणि १९ ते २१ ऑगस्टदरम्यान तिथे सुमारे २०० माणसं आली. मुलेनवेग म्हणजे वर्डप्रेस घडवणाऱ्यांपैकी एक, आणि चेलिक तेव्हा ब्लॉग शोधून देणाऱ्या टेक्नोराटीत होते. ब्लॉगची अवजारं बनवणारे हातच या सभेमागे होते.

त्यांनी पद्धत लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवली. कुणाची परवानगी नको, शुल्क नको. आपल्या गावाचं नाव जोडा आणि भरवा. वर्षभरात बारकॅम्प जगभर पसरलं. २३ ऑगस्ट २००७ रोजी मेसिना यांनी ट्विटरवर गटांसाठी शब्दाआधी फुलीजाळीचं चिन्ह लावावं असं सुचवलं. आज ज्याला सगळं जग हॅशटॅग म्हणतं, त्या सूचनेत उदाहरणादाखल दिलेला शब्द होता 'बारकॅम्प'.

भारतात २००६ च्या मार्चमध्ये दिल्लीत आणि एप्रिलमध्ये चेन्नई व बंगळूरला बारकॅम्प झाली, पुढे पुण्या-मुंबईतही. त्याच वर्षी ९ आणि १० सप्टेंबरला चेन्नईच्या टायडेल पार्कमध्ये 'ब्लॉगकॅम्प' भरलं, खास ब्लॉग लिहिणाऱ्यांचं. ही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मुंबईचे पीटर ग्रिफिन, डिना मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मदतीची माहिती एकत्र करणारा ब्लॉग उभा केला होता आणि देशोदेशीचे स्वयंसेवक त्यात सामील झाले होते. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईकरांनी तेच केलं. जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारने थोडी संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश काढला, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसारखे अख्खे पत्तेच काही दिवस बंद करून टाकले. दोन महिन्यांनी ही माणसं एका छताखाली येत होती. एकमेकांचं रोज वाचणाऱ्यांना एकमेकांचे चेहरे बघायचे होते, आणि आपलं लिखाण एका आदेशाने गायब होऊ शकतं हेही त्यांना नुकतंच कळलं होतं.

पण खरी गंमत त्या भिंतीत आहे. लांबून पाहिलं तर ते एक साधं कोष्टक. जवळ गेलं की कळतं, प्रत्येक बारीकसारीक गोष्ट कुणीतरी डोकं चालवून ठरवली आहे. भिंत चहाच्या टेबलाजवळ हवी, कारण माणसं तिथेच रेंगाळतात. ती रुंद हवी. वीस जणांना एकाच वेळी समोर उभं राहून वाचता आलं पाहिजे. मार्कर जाडच हवा, बॉलपेनने लिहिलेला विषय दुसऱ्या रांगेतून दिसत नाही. कागद सहज निघणारे हवेत, कारण दिवसभर ते हलणार आहेत. कुठल्या खोलीत किती माणसं मावतात हे नावाखालीच लिहिलेलं असावं, नाहीतर पाच जणांची चर्चा सभागृहात आणि साठ जणांची कोपऱ्यातल्या बैठकीच्या खोलीत जाते.

पहिला कागद लावायला कुणी पुढे येत नाही. ते अवघडलेलं अर्धं मिनिट प्रत्येक संयोजकाला ठाऊक असतं. म्हणून दोन-तीन जुन्या माणसांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यांनी सुरुवात केली की मग एकच गर्दी होते. 'आजीच्या पाककृतींचा ब्लॉग पाच वर्षं कसा चालवला', 'कॉपीराइट: माझा फोटो दुसऱ्याने उचलला तर?', 'निनावी लिहावं का?' अशा तऱ्हेचे विषय शेजारीशेजारी लागतात. भिंतीपाशी उभी असलेली स्वयंसेविका या यंत्राची कारागीर. दोघांनी एकच विषय आणला तर ती त्यांची गाठ घालून देते आणि दोन कागदांचा एक करते. दोन गर्दीचे विषय एकाच वेळी आले तर त्यातला एक दुपारनंतर सरकवायला सांगते. जेवणानंतरची झोपाळू वेळ ती कधीही आकडेवारीच्या सत्राला देत नाही. आणि दुपारच्या काही चौकटी ती मुद्दाम राखून ठेवते, कारण सर्वांत चांगले विषय सकाळच्या चर्चेतून निघतात. भिंत अकरा वाजताच गच्च भरली तर त्यांना जागाच उरत नाही.

नेहमीच्या संमेलनात मांडव, स्वागताध्यक्ष आणि परिसंवादातली नावं महिनोन्‌महिने आधी ठरतात. कष्ट कुठे झाले ते पत्रिकेवर छापलेलं असतं. अनकॉन्फरन्समधले कष्ट कुठेच दिसत नाहीत. 'आपोआप घडतं' असं येणाऱ्यांना वाटावं यासाठी कुणीतरी दोन रात्री जागलेलं असतं, आणि त्यांचं नाव भिंतीवर नसतं. या प्रकाराबद्दल वाटणाऱ्या आदराला काळजी चिकटते ती इथेच.

पहिली अडचण दाराशी. भारतात शनिवार-रविवारी फुकट मिळणाऱ्या जागा म्हणजे आयटी कंपन्यांची कार्यालयं किंवा महाविद्यालयं. बंगळूरचं बारकॅम्प २००७ मध्ये आयआयएमच्या आवारात भरलं होतं. कंपनीच्या फाटकावर मात्र सुरक्षारक्षकाला नावांची यादी लागते, ओळखपत्र लागतं, लॅपटॉपची नोंद लागते. 'कुणीही या' म्हणणाऱ्या सभेला दोन दिवस आधी कोण येणार ते लिहून द्यावं लागतं. ऐकून आयत्या वेळी आलेल्या विद्यार्थ्याला आत घेण्यासाठी एक स्वयंसेवक सकाळभर फाटकावरच उभा असतो.

दुसरी अडचण फुकटपणाची. खिशातून काही गेलेलं नसलं की नोंदणी करणं सोपं असतं आणि न येणं त्याहून सोपं. जेवण किती सांगायचं हा प्रश्न अनुभवी संयोजकांनाही सुटत नाही. नोंदणीएवढं सांगावं तर अन्न वाया जातं, कमी सांगावं तर नेमका त्याच दिवशी सगळा गाव येतो. २००६ मध्ये बॉस्टनला बारकॅम्पच्या धर्तीवर पॉडकास्ट करणाऱ्यांचं 'पॉडकॅम्प' सुरू झालं. मोफत असणं हा त्याचा पाया होता. २००८ च्या शिबिराला मात्र संयोजकांनी शुल्क लावलं. त्यावर बरीच टीका झाली, पण रिकाम्या खुर्च्यांचं भाडं आणि उरलेली ताटं ज्यांच्या अंगावर येत होती त्यांना दोष देणं कठीण आहे.

पैसा प्रायोजकाकडून आणावा, तर प्रायोजकाला त्या भिंतीवर एक चौकट हवी असते, तीही सकाळची आणि मोठ्या सभागृहातली. तिथे एकदा हो म्हटलं की पुढच्या वर्षी तीन चौकटी आधीच छापून येतात. पुष्कळ शिबिरांनी यावर साधा तोडगा काढला: अनेक छोटे प्रायोजक, प्रत्येकाकडून थोडीच रक्कम, आणि बोलायचं असेल तर इतरांसारखाच कागद चिकटवायचा. तोडगा रास्त आहे, पण एका मोठ्या धनादेशाऐवजी वीस छोटे गोळा करणं हेही त्याच चार-पाच जणांचं काम होऊन बसतं. शिबिरं बंद पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच असावं: ती चार-पाच माणसं थकतात, नोकरी बदलते, मूल होतं, आणि सूत्रं हाती घ्यायला कुणी शिकलेलं नसतं.

आकार वाढला की वेगळाच पेच पडतो. यांगोनमध्ये जानेवारी २०१० मध्ये पहिलं बारकॅम्प झालं तेव्हा २,७०० च्या आसपास लोक आले. म्यानमारवर तेव्हा लष्कराची सत्ता होती आणि ने फोन लॅट हा तरुण ब्लॉगलेखक मुळात वीस वर्षांहून मोठी, नंतर बारा वर्षांवर आणलेली शिक्षा भोगत तुरुंगात होता. त्याची सुटका जानेवारी २०१२ मध्ये झाली. अशा देशात इतकी माणसं इंटरनेटबद्दल बोलायला जमली, यातलं धाडस विलक्षण आहे. पण 'पहिल्यांदा आलेल्याने बोललंच पाहिजे' हा बारकॅम्पचा मूळ दंडक तिथे पाळणं अशक्यच. सत्तावीसशे जणांत बहुतेक ऐकायला येतात, आणि ऐकणाऱ्यांची संख्या वाढली की मंच हळूच परत येतो.

सर्वांत अवघड प्रश्न भिंतीपुढे कोण जातं हा. नियमानुसार मार्कर सगळ्यांचा. प्रत्यक्षात तो आधी उचलतात ते मोठ्या आवाजाचे, एकमेकांना ओळखणारे, इंग्रजी सफाईने बोलणारे, आणि तंत्रज्ञानाच्या शिबिरांत बहुतांश पुरुष. जो फ्रीमन या स्त्रीवादी लेखिकेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं की ज्या गटाला उघड रचना नसते तिथे न दिसणारी रचना असतेच, आणि न दिसणारीला जाब विचारता येत नाही. अमेरिकेत कालिया हॅमलिन यांनी २००७ मध्ये स्त्रियांसाठी 'शीज गीकी' नावाची अनकॉन्फरन्स सुरू केली ती याच अनुभवातून. आपल्याकडे २०१० मध्ये पुण्यात आणि मुंबईत मराठी ब्लॉगलेखकांचे मेळावे झाले. त्यांना कुणी अनकॉन्फरन्स म्हटलं नाही, पण इंग्रजी शिबिरात ज्यांनी हात वर केला नसता अशांना तिथे आपल्या भाषेत बोलायला मिळालं. स्वतंत्र मेळावा हा एक उपाय झाला. दुसरा उपाय भिंतीजवळच्या स्वयंसेविकेच्या हातात असतो. मागे उभ्या असलेल्याला नावाने हाक मारायची, त्याचा विषय स्वतः कागदावर लिहून द्यायचा, पहिल्या फेरीत एकाने एकच कागद लावायचा. या गोष्टी नियमावलीत घातल्या पाहिजेत. चांगुलपणावर सोडल्या की गर्दीच्या दिवशी राहून जातात.

शेवटी उरते नोंद. संध्याकाळी चिकटपट्टी काढतात, भिंतीचे फोटो निघतात, आणि चाळीस सत्रांत काय बोललं गेलं ते ज्याच्या-त्याच्या वहीत जातं. ब्लॉग जोरात होते तोवर हा प्रश्न जाणवला नाही, कारण आलेला प्रत्येक जण घरी जाऊन लिहीतच असे. मग लिहिणं फेसबुक-ट्विटरच्या दोन ओळींत आलं, आणि १ जुलै २०१३ रोजी अनेक ब्लॉग एका जागी वाचायला देणारी गूगल रीडर ही सेवा बंद झाल्यावर एकमेकांचे ब्लॉग नियमाने वाचण्याची सवयही मोडली. २००५ मध्येच सुरू झालेली 'इंटरनेट आयडेंटिटी वर्कशॉप' मात्र वर्षातून दोनदा अजून भरते, कोऱ्या भिंतीनेच सुरू होते, आणि तिथे प्रत्येक सत्राची टिपणं गोळा करून दर वेळी कार्यवृत्ताचं पुस्तक निघतं. त्या सभेला शुल्क आहे. ब्लॉगवाल्यांच्या मोफत शिबिरांत टिपणं कुणी घ्यायची ते सकाळीच, विषयाच्या कागदावर दुसरं नाव म्हणून लिहून घेतलं, तर एक पैसाही लागत नाही. फक्त आधीच कामाने वाकलेल्या त्या स्वयंसेविकेला प्रत्येक कागदामागे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो.