मनोविकाराच्या गोळ्या, खानदेशचे ऊन आणि घरची शुश्रूषा



उपवासकाळ सुरू होतो त्याच सुमारास खानदेशात ऊन तापू लागते. पुढे एप्रिल-मेमध्ये जळगाव, भुसावळ व धुळे येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. स्किझोफ्रेनियासारख्या तीव्र मानसिक आजाराच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या घरांनी या दिवसांत विशेष सावध राहिले पाहिजे. त्या रुग्णांच्या गोळ्यांचा उन्हाशी व उपवासाशी जवळचा संबंध आहे. तो ठाऊक नसल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून हा लेखप्रपंच.

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना प्रथम देण्यात आले. पुढे हॅलोपेरिडॉल, क्लोझापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन ही औषधे आली. मेंदूतील डोपामिन या रसायनाचा प्रभाव कमी करून ती भास व संशय आटोक्यात आणतात. झोप व शांतता काही दिवसांत दिसते, मात्र भास ओसरण्यास काही आठवडे लागतात. बरे वाटू लागताच गोळी बंद करणे, ही सर्वांत मोठी चूक होय. त्यामुळे आजार उलटतो आणि पुन्हा सावरणे अधिक कठीण होते.

आता उन्हाविषयी. ही औषधे शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतील यंत्रणेत अडथळा आणतात. त्यांच्यासोबत कंप कमी करण्यासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी घामही कमी करते. म्हणून अशा रुग्णास दुपारी बारा ते चार या वेळेत शेतात वा बाजारात पाठवू नये. तहान लागण्याची वाट न पाहता त्याला वारंवार पाणी द्यावे. सोबत लिथियम चालू असेल, तर शरीरातील पाणी घटल्याने त्याचे रक्तातील प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. पत्र्याच्या घरात गोळ्या छपराजवळच्या फळीवर न ठेवता थंड, कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

रुग्णास तीव्र ताप आला, अंग लाकडासारखे ताठ झाले, भान हरपू लागले, तर तो उष्माघात असेल किंवा औषधाचा क्वचित होणारा पण प्राणघातक दुष्परिणाम असेल. घरी निदान करीत बसू नये. अंग ओले करून वारा घालीत तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

आणखी एक दुष्परिणाम आम्ही मुद्दाम सांगत आहोत. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुणांमध्ये, मान एकाएकी वाकडी होते, जीभ ओढली जाते, डोळे वर फिरतात. हे पाहून घरचे लोक भुताखेताच्या शंकेने भगताकडे धाव घेतात, किंवा आम्हा धर्मगुरूंना बोलावतात. ही बाधा नव्हे, स्नायूंची आकडी आहे. रुग्णालयात एका इंजेक्शनाने ती बहुधा थोड्याच वेळात उतरते.

रोजच्या शुश्रूषेत काही नियम पाळावेत. गोळी ठरलेल्या वेळी, शक्यतो एकाच व्यक्तीने द्यावी. चुकलेली गोळी दुसऱ्या वेळी दुप्पट देऊ नये. जेवणात लपवून औषध देऊ नये, कारण विश्वास एकदा तुटला की उपचारही तुटतो. रुग्ण गोळी नाकारत असेल तर महिन्यातून एकदोनदा घेण्याच्या इंजेक्शनाविषयी डॉक्टरांना विचारावे. अंथरुणातून सावकाश उठण्यास सांगावे, अन्यथा चक्कर येते. वजन व रक्तातील साखर वेळोवेळी तपासावी. क्लोझापिन घेणाऱ्याची रक्ततपासणी कधीही चुकवू नये, आणि त्यास ताप व घसादुखी झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. दारू वर्ज्य करावी. विडी-सिगारेट सुरू केली किंवा सोडली तरी डॉक्टरांना कळवावे, कारण धूम्रपानामुळे क्लोझापिन व ओलान्झापिनचे रक्तातील प्रमाण बदलते.

काही भाविक उपवासाच्या दिवशी गोळी टाळतात. ख्रिस्तसभा असे कधीही मागत नाही. राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारीही आजाऱ्यास उपवासाचे बंधन नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एका तासात पाणी व औषध घेण्यास कॅनन कायद्याच्या ९१९व्या कलमाने मुभा आहे. वृद्ध, आजारी व त्यांची सेवा करणारे यांना तर त्या तासाचेही बंधन नाही. औषधे ही परमेश्वराचीच देणगी असून शहाण्याने ती नाकारू नयेत, अशी सिराकच्या ग्रंथातील ३८व्या अध्यायाची शिकवण आहे. प्रार्थना अवश्य करावी, तैलाभ्यंगाचा संस्कार अवश्य मागावा, पण गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीने.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णास साखळदंडाने बांधणे निषिद्ध आहे. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय व धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे जाऊन उपचारांची चौकशी करावी. २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही, मोफत सल्ला मिळतो.

आपल्या शेजारी असे एखादे घर असेल, तर या उन्हाळ्यात तेथे जाऊन विचारपूस करावी. सेवा करणारी आईही थकलेली असते. तासभर तिच्या जागी बसणे ही प्रभू येशूचीच सेवा होय.