आवाज अडखळतो तेव्हा

ज्या घरात एके काळी ग्रामोफोन होता, त्या घरातल्या माणसांना सुई अडकणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. गवई रंगात येऊन तान घेत असतो आणि तबकडीवरच्या एखाद्या ओरखड्याने सुई मागच्या रेघेत घसरते. मग तीच अर्धी तान, पुन्हा तीच अर्धी तान, कोणी उठून हात लावीपर्यंत! जुन्या तबकड्या मिनिटाला ७८ फेरे घेत. म्हणजे अडकलेली सुई तो तुकडा मिनिटाला सुमारे ७८ वेळा ऐकवी. घरातले वडील माणूस वैतागे. पण कोपऱ्यातले पोर त्याच अडखळण्यावर मांडीवर ठेका धरी. वडिलांना त्यात बिघाड ऐकू येई, पोराला ताल. माझ्या मते दोघांचेही कान शाबूत होते.

मी ध्वनिसंकलनाचे काम करतो. नाटकांचे पार्श्वसंगीत, जाहिराती, हौशी पोरांची गाणी, असे जे येईल ते कापतो आणि जोडतो. अलीकडे येणारा प्रत्येक तरुण म्हणतो, “काका, इथे जरा स्टटर टाका ना!” स्टटर म्हणजे अडखळणे. मुद्रित आवाजाचा एक इवलासा तुकडा घ्यायचा आणि तो तालात लागोपाठ वाजवायचा, एवढीच ही युक्ती. मात्र ती या पोरांच्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे.

पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफेर याने १९४८ साली सुई मुद्दामच अडकवली. तबकडीवर रेघ गोल फिरून स्वतःलाच मिळेल अशी बंद खाच त्याने करून घेतली. बातिन्योल स्थानकावर मुद्रित केलेल्या आगगाडीच्या इंजिनांच्या आवाजांतून त्याने एक रचना बांधली, आणि ती त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला रेडिओवरून ऐकवली गेली. त्याच्या ध्यानात आलेली गोष्ट मोठी मार्मिक होती. इंजिनाचा आवाज एकदा ऐकला तर ते इंजिन असते. तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकला की इंजिन मनातून निघून जाते आणि उरतो तो निव्वळ नाद.

पुढे ध्वनिफितीचा जमाना आला आणि ताल अक्षरशः पट्टीने मोजता येऊ लागला. स्टुडिओतली फीत सेकंदाला सुमारे ३८ सेंटिमीटर या वेगाने धावे. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा म्हणजे १९ सेंटिमीटर फीत, आणि पाव मात्रा म्हणजे पावणेपाच सेंटिमीटर. संकलक मेणाच्या पेन्सिलीने खूण करी, खाचेच्या ठोकळ्यावर फीत बसवून दाढीच्या पात्याने कापी आणि चिकटपट्टीने जोडी. ‘क’ एका मात्रेत चार वेळा हवा असेल तर मूळ आवाजाच्या चार नकला करून, पावणेपाच सेंटिमीटरचे चार तुकडे एकापुढे एक लावायचे. चार अक्षरांत अर्धी दुपार गेली तरी नवल नव्हते.

आता तेच काम संगणक पापणी लवते न लवते तोच करतो. सीडीच्या प्रतीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नोंदी. वर सांगितलेल्या लयीत पाव मात्रेला साधारण ५,५१२ नोंदी येतात. तेवढ्या उचलायच्या आणि हव्या तितक्या वेळा मांडायच्या. तरीही कान माणसाचाच लागतो. ध्वनिलहर वर चढलेली असताना मधेच कापली तर प्रत्येक जोडावर ‘टक्’ असा खडा लागतो. म्हणून लहर शून्यावर येते तिथे कात्री चालवायची, नाहीतर दोन्ही कडांना दोन-चार सहस्रांश सेकंदांचा उतार द्यायचा. अक्षरही पारखून घ्यावे लागते. क, ट, त, प ही अक्षरे उत्तम. त्यांच्या आधी तोंड क्षणभर बंद होते आणि मग आवाज फुटतो. ती थाप तबल्यासारखी नेमकी पडते. नुसता ‘आ’ घेतला तर कडा बोथट होतात. ‘स’ घ्याल तर झांज वाजल्यासारखे वाटेल, आणि कधी कधी तेच हवेही असते.

आणखी एक गंमत आहे. त्याच लयीत पाव मात्रेचा तुकडा सेकंदाला ८ वेळा वाजतो. तो निम्मा केला की १६, आणखी निम्मा केला की ३२. साधारण २० च्या आसपास कान मोजणे सोडून देतो. त्याला ठोके ऐकू येत नाहीत, जाडसर सूर ऐकू येतो. कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराने १९५८ ते १९६० या काळात कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत ‘कोन्टाक्टे’ ही रचना केली. तीत एक सूर खाली खाली उतरत शेवटी सुट्या ठोक्यांत मोकळा होतो. ताल आणि सूर ही एकाच घरातली भावंडे आहेत हे याहून सोपे करून कोणी दाखवले असेल असे मला वाटत नाही.

पण आवाज माणसाचा असला की हिशेब एवढ्यावर संपत नाही.

१९८५ साली इंग्लंडच्या पॉल हार्डकासल याचे ‘नाइन्टीन’ हे गाणे ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. व्हिएतनाममध्ये लढलेल्या अमेरिकन सैनिकाचे सरासरी वय १९ होते, असे त्यात एका माहितीपटातल्या निवेदकाच्या आवाजात सांगितले आहे. हार्डकासलने तो आकडाच अडखळवला: ना-ना-ना-नाइन्टीन! आवाज साठवणारी त्या काळची यंत्रे फारच थोडे सेकंद साठवीत, म्हणून तुकडाही छोटाच घ्यावा लागे. पण ती अडचण गाण्याच्या पथ्यावर पडली. इतक्या कोवळ्या वयाचा उच्चार करताना जीभ अडावी, तसे ते ऐकू येते. इथे अडखळण्याला अर्थ आहे.

त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने ‘कम आउट’ ही रचना केली. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या डॅनियल हॅम या कृष्णवर्णीय मुलाला १९६४ साली पोलिसांनी मारहाण केली होती. रक्त दिसल्याखेरीज इस्पितळात नेत नाहीत, म्हणून त्याने आपल्या पायाची मुकी जखम स्वतःच फोडली. ती हकिकत सांगतानाचे त्याचे मोजके शब्द राइशने घेतले आणि दोन यंत्रांवर एकदमच फिरत ठेवले. यंत्रे हळूहळू मागेपुढे होतात. एका आवाजाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ होतात. तेरा-एक मिनिटांनी शब्द पार विरघळून नुसती लाट उरते. त्या खटल्यातल्या मुलांच्या मदतीसाठी भरलेल्या कार्यक्रमासाठी ही रचना झाली, तेव्हा हेतूबद्दल शंका नको. तरी ऐकताना दर वेळी मनात येते, की त्या मुलाचे दुःख आपल्या कानात ठसले की नादात बुडाले? मला वाटते, सुरुवातीची काही मिनिटे शब्द शाबूत ठेवले आहेत म्हणूनच पुढचे बुडणे आपल्याला बोचते.

हा प्रश्न माझ्या टेबलावरही एकदा आला. आमच्या शेजारचा मुलगा फोनमध्ये आपल्या आजीचा आवाज घेऊन आला. आजी जाऊन वर्ष झाले होते. स्वयंपाकघरातून ती विचारते आहे, “चहा घेतोस का रे?” मागे कपबशी किणकिणते. त्याला गाण्यात ‘च-च-च-च’ हवे होते. त्याची आई बरोबर होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि हळूच म्हणाली, “भाऊजी, अर्धांगवायू झाल्यावर शेवटची दोन वर्षे सासूबाई खरोखरच अडखळत बोलत होत्या. हा आवाज त्याच्या आधीचा आहे. निदान इथे तरी त्यांना सरळ बोलू द्या.”

मुलगा गप्प झाला. मग आम्ही तिघांनी मिळून तोड काढली. आपल्याकडे तबलजी एकच बोल तीनदा घेऊन समेवर येतो, ती तिहाई. पुनरुक्ती तीही आहे, पण तीत बोल मोडत नाही. आजीच्या वाक्यातला एकही शब्द न कापता, फक्त मधल्या शांततेचे अंतर कमीजास्त करून ते पाच मात्रांत बसवले. तीनतालाच्या तिसऱ्या मात्रेवर उचल, पाच-पाच मात्रांची तीन आवर्तने, आणि शेवटचा ‘रे’ बरोबर समेवर. पोराला जी थरथर हवी होती ती कपबशीच्या किणकिणाटाला दिली. बशीला कसला आला आहे अर्धांगवायू! त्याचे गाणे झाले, आणि आईने ते दोनदा ऐकले.

तेव्हापासून आलेल्या मुलांना मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, तुकडा करण्याआधी तो आवाज कोणाचा आहे आणि त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना तो तसा चालेल का, हे विचारा. दुसरी, मूळ मुद्रणाची एक प्रत न कापता वेगळी ठेवा. फितीच्या दिवसांत पाते चालले की मूळ तुकडा हातचा जाई. आता तसे होत नाही, तरी आळसाने मूळ प्रत हरवणारे कमी नाहीत.

वाचकहो, यंदाच्या दिवाळीत फराळाला घर भरेल तेव्हा फोन जरा बाजूला चालू ठेवा. वडीलधाऱ्यांचे बोलणे, चकलीच्या सोऱ्याची करकर, कढईत झाऱ्याचा आवाज, सगळे येऊ द्या. ताल धरायला झारा आणि सोऱ्या भरपूर आहेत. आजीचे वाक्य मात्र पुरते ठेवा.