एका तासाच्या मजुरीचे ताट

जेवण हा व्याख्यानाचा विषय नव्हे, असे मानणारा एक वर्ग आहे. या वर्गाला बहुधा वेळेवर जेवण मिळत असते. आम्ही ज्या माणसांत आयुष्याची तीस वर्षे काढली, त्यांच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो हा, की जेवणाची सुट्टी किती मिनिटांची आणि बसून जेवायचे कोठे. पगाराचा प्रश्न त्याच्या मागून येतो. तेव्हा वसंतातल्या या संध्याकाळी, विद्वानांच्या मालिकेत, सातवी शिकून बाकीचे शिक्षण युनियनच्या कचेरीतील कपाटातून घेतलेल्या आमच्यासारख्याने जेवणावरच बोलावे, हे ठीक झाले.

विषय आहे जपानमधील बाजारातल्या जेवणाचा. जपानी जेवण म्हटले, की आपल्यापुढे नाजूक बशा, गुडघे मोडून बसलेली मंडळी आणि मोठे बिल असे चित्र उभे राहते. ते चित्र खोटे नाही. पण ते सणावाराचे आहे. रोजचा जपान जेवतो तो बाजारात, स्टेशनाजवळ, दुकानांच्या तळघरांत आणि हल्ली ज्याला फूड कोर्ट म्हणतात तशा सामाईक दालनांत. त्यातही घाऊक बाजारातली जेवणघरे आम्हांला सर्वांत शिकण्यासारखी वाटली. आम्ही दोन पहाटे टोकियोच्या तोयोसू बाजारात काढल्या. त्यावरून आणि वाचनावरून जे ध्यानी आले ते येथे मांडतो.

तोयोसू बाजार टोकियोच्या आखातात भर घालून केलेल्या जमिनीवर आहे. तो ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सुरू झाला. त्याआधी हा बाजार १९३५ पासून त्सुकिजी येथे होता, आणि त्याच्याही आधी, १९२३ च्या महाभूकंपात जळून जाईपर्यंत, मासळीचा मोठा बाजार निहोम्बाशीच्या पुलापाशी भरत असे. स्थळे तीन झाली, पण बाजाराचे घड्याळ तेच राहिले. माल रात्री येतो. मोठ्या ट्यूना माशांचा लिलाव पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतो. अडते बोली लावतात, मध्यस्थ व्यापारी माल गाळ्यावर नेतात, आणि उभ्याने चालवायच्या चिमुकल्या मोटारगाड्या, ज्यांना तेथे ‘तारे’ म्हणतात, खोकी घेऊन सुसाट धावत असतात. या माणसांची दुपार सकाळी आठलाच होते. म्हणून बाजारातली जेवणघरे पहाटे उघडतात आणि इतर शहर जेवायला बसते त्या सुमारास आवरू लागतात. रविवारी आणि पुष्कळदा बुधवारीही बाजार बंद असतो. मग तीही बंद. गिऱ्हाइकाने घड्याळ लावायचे ते बाजाराच्या वेळेने.

ही जेवणघरे तीन इमारतींत विभागलेली आहेत. बहुतेक इतकी लहान, की एका लांब फळीपुढे डझनभर माणसे बसली म्हणजे जागा संपली. जेवण मागवण्याच्या तऱ्हा दोन. काही ठिकाणी फळीपलीकडे उभ्या असलेल्या स्वयंपाक्याला तोंडी सांगायचे. मोठ्या दालनांत आणि स्टेशनांवर मात्र दारातच तिकिटाचे यंत्र असते. पैसे घालावे, पदार्थाचे बटण दाबावे, तिकीट घ्यावे आणि ते फळीवर ठेवून बसावे. यात एक मोठी सोय आहे. स्वयंपाकी पैशाला हात लावत नाही, गल्ल्यावर स्वतंत्र माणूस लागत नाही आणि जेवून उठताना बिलासाठी थांबावे लागत नाही. वीस मिनिटांच्या सुट्टीतली पाच मिनिटे अशी वाचतात. ज्याने कारखान्याच्या उपाहारगृहात कूपनासाठी रांग धरली आहे, त्याला या पाच मिनिटांची किंमत सांगायला नको.

ताटाला तेथे ‘तेइशोकु’ म्हणतात; म्हणजे ठरलेले जेवण. वाडगाभर भात, आंबवलेल्या सोयाबीनचे मिसो नावाचे गरम सार, थोडे लोणचे आणि एक मुख्य पदार्थ. तो भाजलेला मासा असेल किंवा पावाचा चुरा लावून तळलेले कालव असेल. दुसरा प्रकार ‘डोनबुरी’चा: खोल वाडग्यात भात आणि त्यावरच कालवण किंवा मासा. एक भांडे, एक हात, एक बैठक. चहा किंवा पाणी फुकट. बक्षिशी द्यायची चाल नाही; ठेवलीत तर तुम्ही पैसे विसरलात असे समजून पोऱ्या मागे धावत येईल. शाकाहारी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे, की सारात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. भाजी दिसली म्हणजे पदार्थ शाकाहारी झाला असे नाही. विचारून घ्यावे हे बरे.

या जेवणाची मजा कशात आहे? चव तर आहेच. लिलावाच्या आवारात मासा शिळा कसा मिळेल? पण आम्हांला मजा वाटली ती पंगतीची. रबरी बूट घातलेला हमाल, हिशेबनीस, लांबून आलेली आजी आणि आमच्यासारखा परका पाहुणा एका फळीवर खांद्याला खांदा लावून बसतात. जेवणाआधी प्रत्येकजण हात जोडून ‘इतादाकिमासु’ पुटपुटतो. ‘हे आम्ही नम्रपणे स्वीकारतो’ असा त्याचा भाव. उठताना ‘गोचिसोसामा’ म्हणून स्वयंपाक्याचे आभार मानतात. शेवया भुरकताना आवाज झाला तर कोणी डोळे वटारत नाही. आपला ट्रे आपणच उचलून परतीच्या खिडकीत ठेवायचा आणि फळीवर डाग पडला तर फडक्याने पुसायचा. कोणी कोणाशी फारसे बोलत नाही, पण दारात माणसे ताटकळत आहेत हे प्रत्येकाला ठाऊक असते. जेवण झाले की जागा रिकामी. आपल्या गिरणगावातील खानावळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही.

या फळीवरूनच काही पदार्थ सगळ्या जगात गेले. गोमांसाचे पातळ काप कांद्याबरोबर शिजवून भातावर घालण्याचा ‘ग्युदोन’ हा पदार्थ घ्या. योशिनोया नावाचे दुकान १८९९ मध्ये निहोम्बाशीच्या मासळीबाजारात निघाले, ते घाईतल्या बाजारकऱ्यांना झटपट वाडगा देण्यासाठी. भूकंपानंतर ते बाजाराबरोबर त्सुकिजीला गेले आणि पुढे त्याच्या शाखा देशोदेशी निघाल्या. करी-भाताचीही अशीच कथा. इंग्रजांनी आपल्याकडची करी विलायतेला नेली आणि तेथून एकोणिसाव्या शतकात ती जपानात उतरली. दाट, गोडसर आणि पीठ लावलेली. १९२७ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातील नाकामुराया या दुकानाने खरीखुरी भारतीय करी म्हणून निराळी करी विकायला काढली. ती शिकवली क्रांतिकारक राशबिहारी बोस यांनी. इंग्रजांच्या हातून निसटून ते १९१५ मध्ये जपानात गेले होते आणि त्या दुकानाच्या मालकांनी त्यांना आश्रय देऊन पुढे आपली मुलगीही दिली होती. तोयोसूच्या बाजारातही ‘इंडो करी’ नावाचे ताट मिळते. शेजारी बारीक चिरलेला कोबी असतो. आपल्या जिभेला ती सौम्य लागेल, पण ओळख पटते.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. बाजारातले जेवण स्वस्त असते ते मालाच्या जवळिकीमुळे, असे पुष्कळांना वाटते. हे अर्धेच खरे आहे. स्वस्त जेवण जपानी कष्टकऱ्यांना आपोआप मिळाले नाही. त्याला १९१८ सालचा इतिहास आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तांदळाचे भाव कडाडले. व्यापाऱ्यांनी साठे केले आणि सायबेरियात सैन्य जाणार या वार्तेने भाव आणखी चढले. त्या वर्षीच्या जुलैत तोयामा प्रांतातील उओझू या कोळीगावात मासेमारांच्या बायका बंदरावर जमल्या आणि गावचा तांदूळ बोटीत भरून बाहेर नेण्यास त्यांनी विरोध केला. या बायकांमागे संघटना नव्हती, वर्तमानपत्र नव्हते, पुढारी नव्हता. त्यांची मागणी एकच, की आमच्या चुलीला परवडेल त्या भावाने तांदूळ द्या. काही आठवड्यांत हे लोण देशभर पसरले. शहरांत दंगली झाल्या, खाणींत उठाव झाले, सैन्य बोलवावे लागले, पुष्कळांना शिक्षा झाल्या. सप्टेंबरमध्ये तेराउची मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सरकारने या प्रकरणातून धडा घेतला. सैन्याने दंगल मोडता येते, पण भूक मोडता येत नाही. ओसाका शहराने त्या वर्षीच्या एप्रिलमध्येच नगरपालिकेचे सार्वजनिक बाजार उघडले होते; दंगलीनंतर इतर शहरे तीच वाट चालू लागली. त्याबरोबर सार्वजनिक भोजनालये निघाली. १९२३ मध्ये मध्यवर्ती घाऊक बाजाराचा कायदा झाला. उघड लिलाव आणि शहराची देखरेख ही त्याची मुख्य कल्पना, आणि त्सुकिजीचा बाजार त्याच कायद्याचे अपत्य. टोकियो शहराने चालवलेल्या भोजनालयांपैकी एकाची इमारत फुकागावा भागात अजून उभी आहे. ती १९३२ ची, काँक्रीटची, दोन मजली. तोयोसूपासून ती फार लांब नाही. २००९ पासून तेथे पाहुण्यांसाठी माहितीचे केंद्र आहे. आम्ही मुद्दाम जाऊन पाहून आलो. देवळे पाहणारे पुष्कळ असतात. आम्हांला ती खानावळ पाहायची होती.

खासगी धंद्यातही त्या काळात एक शहाणा व्यवहार झाला. १९२९ मध्ये ओसाकात हान्क्यू कंपनीने स्टेशनाला लागून मोठे दुकान काढले आणि वरच्या मजल्यावर भोजनगृह ठेवले. मंदी आली. लोक करी परवडत नाही म्हणून नुसता भात मागवू लागले आणि टेबलावर फुकट ठेवलेले सॉस त्यावर ओतून जेवू लागले. इतर ठिकाणी अशांना हाकलले असते. हान्क्यूचे चालक कोबायाशी इचिझो यांनी मात्र नुसता भात मागणाऱ्यांचे स्वागत आहे असे जाहीर केले. आजचे गरीब उद्या बायकामुलांना घेऊन येतील, असा त्यांचा हिशेब. हा धर्मादाय नव्हता, धंदाच होता. पण भुकेल्याचा अपमान न करताही धंदा करता येतो, एवढे त्यातून दिसले.

आता आजची गोष्ट. त्सुकिजीहून तोयोसूला जाणे सुखाने झाले नाही. नवी जागा पूर्वी गॅस कारखान्याची होती आणि मातीत बेंझीनसारखी विषारी द्रव्ये सापडली. बाजारातील कामगारांच्या युनियनने स्थलांतराला विरोध केला. २०१६ मध्ये ठरलेले स्थलांतर पुढे ढकलावे लागले आणि अखेर २०१८ मध्ये ते झाले. मग १ फेब्रुवारी २०२४ रोजी बाजाराला लागून ‘सेन्क्याकु बानराय’ नावाचे प्रवाशांसाठीचे संकुल उघडले. जुन्या एदो शहराच्या गल्लीसारखी रचना, खाद्यपदार्थांची दुकाने, गरम पाण्याची स्नानगृहे. तेथे काही दुकानांत मासळी-भाताच्या वाडग्याची किंमत सात हजार येनच्या घरात आणि त्याहूनही वर गेली. परदेशी प्रवाशांना तेथे ‘इनबाउंड’ म्हणतात, वाडग्याला ‘डोन’. दोन्ही शब्द जोडून लोकांनी या महाग वाडग्याचे नाव ‘इनबाउन-डोन’ पाडले. टोमणा मारण्यात जपानी माणूस आपल्या पुणेकराला हार जाणार नाही.

दुसरी गोष्ट तांदळाची. २०२४ च्या उन्हाळ्यात जपानी दुकानांतून तांदूळ दिसेनासा झाला आणि २०२५ च्या वसंतात पाच किलोच्या पिशवीचा भाव चार हजार येनच्या वर, म्हणजे वर्षापूर्वीच्या सुमारे दुप्पट झाला. सरकारला राखीव कोठारे उघडावी लागली. अशा दिवसांत शेतीमंत्री एतो जाहीर सभेत म्हणाले, की आपण कधी तांदूळ विकत घेतलेलाच नाही. समर्थक आणून देतात. मे २०२५ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. १९१८ आणि २०२५ यांत शंभरांहून अधिक वर्षे गेली, पण भाताच्या वाडग्याचे वजन कमी झाले नाही.

युनियनच्या कामात आम्ही एक साधे माप वापरतो: एका तासाच्या मजुरीत बसून खायचे एक पुरे जेवण आले पाहिजे. टोकियोत ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन ताशी १,२२६ येन आहे. बाजारातले साधे ताट हजार ते दीड हजार येनमध्ये पडते. म्हणजे माप जेमतेम भरते, कधी भरत नाही. सात हजारांचा वाडगा सुमारे सहा तासांची मजुरी खातो. आणि हे माप दुहेरी आहे. ताट स्वस्त ठेवायचे म्हणून ताट देणाऱ्याचे पोट मारायचे नाही. फळीअलीकडचा हमाल आणि पलीकडची भांडी घासणारी बाई, दोघांनाही ते लागू आहे. फळीवरच्या गोडव्यात आम्ही रमलो, पण त्या बाईचे हात थंड पाण्याने लाल झालेले पाहायला विसरलो नाही.

कोणी म्हणेल, महागडा वाडगा ज्याला परवडतो त्याने खावा, तुमचे काय गेले? खुशाल खावा. पण बाजाराच्या आवारात जागा मोजकी असते. सात हजारांचे गिऱ्हाईक रांग लावू लागले, की भाडे वाढते, आणि हजारांचे ताट देणारा म्हातारा स्वयंपाकी दुकान मुलाला न देता बंद करतो. मग पहाटे दोनपासून राबणारा माणूस तारेच्या चाकाशी टेकून थंड भाताचा गोळा खातो. ज्याच्यासाठी जेवणघर निघाले तोच बाहेर राहतो.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता जपानात नोकरीला आहेत. त्यांच्याकडे आपले जाणे होते. तोयोसूला अवश्य जा. नावाजलेल्या सुशीच्या दुकानापुढे तीन तास उभे राहण्यापेक्षा शेजारच्या फळीवर बसा, जेथे बूट घातलेली माणसे जेवत आहेत. शक्य तर आठची गर्दी टाळून नंतर जा. ती वेळ त्यांची आहे. जेवणाआधी हात जोडा, पोटभर जेवा, मनसोक्त भुरका. फोटो काढायचा तर एक काढा. ट्रे खिडकीत ठेवा, स्वयंपाक्याला ‘गोचिसोसामा’ म्हणा आणि लगेच उठा. दारात कोणीतरी सुट्टीची मिनिटे मोजत उभा असतो.