वाईनच्या द्राक्षाची गोडी कशी ठरते? छाटणी ते तोडणी, हवामानाचा सगळा हिशोब

नाशिक : दिंडोरी, निफाड भागात खायच्या द्राक्षाशेजारी वाईनच्या द्राक्षाच्या बागाही दिसतात. लांबून दोन्ही सारख्याच वाटतात, पण हिशोब वेगळा. खायच्या द्राक्षात मण्याची फुगवण बघतात. वाईनच्या द्राक्षाचा मणी बारीक, आत बी. वायनरीवाले बघतात ते साखर, आंबटपणा आणि घड निरोगी आहे का ते. या तिन्ही गोष्टींवर हंगामातल्या हवामानाची छाप पडते.

एप्रिलचं ऊन

खरड छाटणीनंतर नवीन काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचे घड आतल्या आत घडतात. याला चांगलं ऊन लागतं. त्या दिवसांत आभाळ सारखं भरून राहिलं, तर पुढे घडांची संख्या घटते. म्हणजे फेब्रुवारीत दिसणारं नुकसान मे-जूनमध्येच झालेलं असू शकतं.

लांबलेला पाऊस

वाईनच्या द्राक्षाची फळछाटणी साधारण सप्टेंबरमध्ये होते. पाऊस लांबला की कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यावर डाऊनी येतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या पावसानं नाशिकच्या बागांचं काय केलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारपीट झाली, तेव्हाही तयार होत असलेल्या घडांना मार बसला.

गरम दिवस, गार रात्र

मण्यात पाणी उतरलं की साखर भरायला लागते. दिवसा उन्हात पानं साखर बनवतात. रात्र गार असेल तर मण्यातला आंबटपणा टिकतो, काळ्या द्राक्षाला रंगही चांगला येतो. पण थंडीचा कडाका लांबला तर साखर भरणं मंदावतं आणि तोडणी पुढे जाते. उलट फेब्रुवारीतच ऊन तापलं, तर साखर झपाट्यानं चढते, पण आंबटपणा उतरतो. अशा द्राक्षाची वाईन सपक लागते.

तोडायचं की थांबायचं?

खरी परीक्षा शेवटच्या पंधरा दिवसांत. समजा साखर २० ब्रिक्सवर आहे आणि वायनरीला २२ हवी. २२ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण २२ ग्रॅम साखर. त्यातून १२ ते १३ टक्के अल्कोहोल तयार होतं. आठ दिवस थांबलं तर साखर वाढेल. पण तेवढ्यात अवकाळी आला तर मुळं पाणी ओढतात, मणी तडकतात, गोडी पातळ होते आणि घडकूज सुरू होते.

इथं वाण बघा. शेनिन ब्लाँचा घड गच्च असतो, आत पाणी अडकलं की कूज लवकर पसरते. तिथं थांबणं धोक्याचं. कॅबरने सोव्हिन्योंचा घड त्यामानानं मोकळा, साल जाड. तो थोडी कळ काढतो.

म्हणून एका घडाचे दोन मणी चाखून ठरवू नका. बागेच्या चारही बाजूंचे, उन्हातले आणि सावलीतले, घडाच्या वरचे आणि खालचे मणी घ्या, रस एकत्र करून ब्रिक्स मोजा. दर दोन-तीन दिवसांनी आकडा वहीत लिहा, शेजारी पाऊस आणि तापमानही लिहा. साखर चढतेय का थांबलीय, हे त्या वहीत दिसेल. मग अंदाज पावसाचा असेल, तर वायनरीला फोन करायला उशीर करू नका.