इंटरकूलर धुण्याआधी तेलाचा माग काढा

खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ-सत्तर मीटरवर आहे आणि लोणावळ्याला लागून असलेले कुसगाव सुमारे सव्वासहाशे मीटरवर. बोरघाट म्हणजे हा साडेपाचशे मीटरचा फरक. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चे एक टोक खोपोलीकडे आणि दुसरे कुसगावात आहे. या मार्गाने १९ किलोमीटरचे अंतर सव्वातेरा किलोमीटरवर येते, पण उंचीत एका मीटरचीही सूट मिळत नाही. दहा टन वजनाचा ट्रक एवढा वर चढवायला सुमारे साडेपाच कोटी ज्यूल ऊर्जा लागते. इंजिनाची कार्यक्षमता जमेस धरली, तर केवळ उंची गाठण्यापायी चार लिटरच्या आसपास डिझेल जळते. चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा यांचा खर्च वेगळाच. तेवढे डिझेल पुरते जळायला किमान पन्नास किलो हवा हवी. जुनी डिझेल गाडी या चढाला ‘ओढत नाही’ अशी तक्रार आली की लोक पंप, नोझल आणि फिल्टरकडे वळतात. हवेच्या वाटेत बसलेला इंटरकूलर मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलाच, तर तो धुऊन परत बसवला की काम संपले असे मानले जाते. माझ्या मते जुन्या गाडीत इंटरकूलर साफ करणे हे अर्धेच काम आहे. त्यात साचलेले तेल कुठून आले हे शोधणे हे उरलेले अर्धे आणि अधिक महत्त्वाचे.

आधी इंटरकूलरची गरज पाहू. टर्बो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो आणि दाबली की हवा तापते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना दाब दुप्पट केला, तर नुसत्या गणिताने हवा शंभर अंशांवर जाते. टर्बो काही आदर्श यंत्र नाही, त्यामुळे प्रत्यक्षात ती १३० अंशांपर्यंत पोहोचते. तापलेली हवा विरळ असते. इंटरकूलरने तीच हवा त्याच दाबाला ६० अंशांपर्यंत थंड केली, तर तेवढ्याच जागेत सुमारे वीस टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. घाटात याची खरी कसोटी लागते. इंजिनावर पूर्ण भार असल्याने टर्बो जोरात फिरत असतो, गाडीचा वेग मात्र कमी, म्हणजे इंटरकूलरच्या जाळीतून जाणारा वाराही कमी. त्यात लोणावळ्याच्या उंचीवरची हवा मुळातच पायथ्यापेक्षा सहाएक टक्क्यांनी विरळ. सपाट रस्त्यावर झाकून गेलेला दोष नेमका इथे उघडा पडतो.

जुन्या आणि नव्या गाडीतला फरकही इथेच दिसतो. कॉमन रेल इंजिनात हवेचे वस्तुमान आणि तापमान मोजणारे सेन्सर असतात. हवा गरम आली की संगणक डिझेल आखडते घेतो. गाडी मंदावते, पण धूर फारसा वाढत नाही. यांत्रिक पंपाच्या जुन्या टर्बो गाडीत पंपावरचा डायफ्रॅम फक्त दाब ओळखतो. हवा ६० अंशांची आहे की १०० अंशांची, हे त्याला कळत नाही. दाब तोच असेल तर डिझेल तेवढेच सुटते, पण १०० अंशांच्या हवेत ऑक्सिजन दहा-अकरा टक्क्यांनी कमी असतो. भार आधीच जास्त असेल तर काही डिझेल अर्धवट जळते, काळा धूर निघतो, एक्झॉस्ट तापतो आणि त्याची झळ टर्बोलाच बसते. पीयूसी चाचणीत हे सहज सुटून जाते, कारण डिझेल गाडीचा धूर तिथे गाडी उभी असताना, भाराविना अॅक्सिलरेटर दाबून मोजतात. कागदावर पास झालेली गाडी घाटात काळी रेघ ओढत जाते, याचे हे एक कारण.

इंटरकूलरवर बाहेरून साचणारी घाण लोणावळ्याच्या मावळात वेगळी सांगायला नको. पावसाळ्यात लाल चिखल, पाऊस ओसरल्यावर किडे, भातकापणीच्या दिवसांत तूस आणि धूळ. अनेक गाड्यांत एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकामागे एक बसवलेले असतात. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते आणि खरा गाळ त्यांच्या मधल्या फटींत असतो. म्हणून पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने सोडावे. सर्व्हिसिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर ॲल्युमिनियमचे पातळ पाते वाकते, आणि वाकलेल्या पात्यांमधून वारा जात नाही. मग ती धुलाईच नुकसान करते.

आतल्या तेलाचा विचार जास्त बारकाईने करायला हवा. इंजिनाच्या क्रँककेसमधून ब्रीदरवाटे निघणारी वाफ बहुतेक टर्बो डिझेल गाड्यांत टर्बोच्या आधी हवेच्या पाइपात सोडलेली असते. तिच्यातले तेल पुढे इंटरकूलरच्या थंड भिंतींवर जमते. त्यामुळे होज काढल्यावर बोटाला ओशट लागले, तर जुन्या गाडीत त्यात वावगे काही नाही. होजची क्लिप सैल करताच तेल ओघळले किंवा खालच्या टाकीत साचलेले सापडले, तर मात्र ते कुठून आले हे विचारलेच पाहिजे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, ब्रीदर तुंबला असेल, इंजिनात ऑइल प्रमाणापेक्षा जास्त भरले असेल, टर्बोचे बेअरिंग ढिले झाले असेल किंवा टर्बोतून परत जाणारी ऑइलची नळी चोंदली असेल. एअर फिल्टर फार तुंबला तरी टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढून सीलमधून तेल बाहेर खेचले जाते. यांतले काहीच न तपासता इंटरकूलर धुतला, तर काही महिन्यांत तो पुन्हा भरतो.

साचलेल्या तेलाचा धोका ताकद कमी होण्यापुरता नाही. बहुतेक जुन्या डिझेल इंजिनांत हवा अडवणारा थ्रॉटल नसतो. इंजिनाचा वेग फक्त इंधनाने ठरतो. इंटरकूलरमधले तेल चढावर जोराच्या हवेबरोबर इंजिनात ओढले गेले, तर तेच इंधन होते. मग पंप बंद केला, चावी फिरवली, तरी इंजिन थांबत नाही, उलट वेग वाढत जातो. गॅरेजवाले याला ‘इंजिन पळणे’ म्हणतात. हवा तोडणे किंवा मॅन्युअल गाडीत ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये इंजिन बंद पाडणे, एवढेच उपाय उरतात. टर्बो निकामी होऊन बदलला असेल, तर इंटरकूलर आतून साफ न करता गाडी देणे मला बेजबाबदार वाटते. जुन्या टर्बोचे तेल आणि कधी धातूचे तुकडे तिथे अडकलेले असतात आणि त्यांचा पुढचा मुक्काम सिलिंडरमध्ये असतो.

यावर काही फिटर म्हणतात, वर्षानुवर्षे कोणी इंटरकूलर काढत नाही, तरी गाड्या धावतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच दर सर्व्हिसिंगला तो उतरवावा असे मी म्हणणार नाही. दर वेळी उतरवला तर जुने, कडक झालेले होज तडकण्याचीच शक्यता जास्त. गाडी ओढत नसेल, तर आधी होज आणि क्लिपा तपासाव्यात. दाब गळत असेल तर आतली सफाई व्यर्थ. मग घाट चढून आल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या होजचे तापमान मोजावे. आत शिरणारी बाजू खूप तापलेली आणि बाहेर पडणारी त्याहून बरीच थंड असेल, तर इंटरकूलर आपले काम करतो आहे. फरक थोडाच असेल, तर तो उतरवायला कारण आहे. दुसरा आक्षेप असा की, एवढी जुनी डिझेल गाडी भंगारातच काढावी. ते धोरण म्हणून योग्य असेलही, पण जोवर ती गाडी फिटनेस घेऊन घाट चढते आहे, तोवर तिचा धूर मागच्या दुचाकीस्वाराच्याच छातीत जातो.

उतरवलाच तर आत रॉकेल किंवा ॲल्युमिनियमला चालणारे डिग्रीझर भरून, हलवून, पालथा घालावा, आणि निघणारा द्रव स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा करावे. त्यानंतर साबणाचे गरम पाणी, मग साधे पाणी. पेट्रोल वापरू नये. त्याच्या वाफा ठिणगीची वाट पाहत असतात. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरसाठी वापरला जाणारा कॉस्टिक सोडा इथे चालत नाही; तो ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. शेवटी कॉम्प्रेसरची हवा मारून इंटरकूलर पूर्ण वाळेपर्यंत उन्हात ठेवावा. आत राहिलेले रॉकेलही इंजिनाला इंधनच असते, त्यामुळे घाईने बसवलेला ओला इंटरकूलर साचलेल्या तेलाइतकाच धोकादायक. निघालेले काळे तेल आणि रॉकेल नाल्यात ओतू नका. इंद्रायणी लोणावळ्याजवळच, कुरवंडे गावाजवळ उगम पावते आणि या भागातले नाले तिलाच मिळतात. ते तेल-रॉकेल डब्यात साठवून वापरलेले इंजिन ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. आणि बिलावर ‘इंटरकूलर सफाई’ लिहिलेली दिसली, तर तेल कुठून येत होते याचे उत्तर घेतल्याशिवाय गॅरेजमधून गाडी बाहेर काढू नका.